अर्ध्या कानाची

माझी बायको शेवटच्या आजारात मला तीन वेळा एकच गोष्ट बोलली. आपल्या कुत्रीचं मोठं चित्र करून घ्या आणि मी गेल्यावर माझ्या फोटोशेजारी लावा. पहिल्या वेळी मी हसलो. दुसऱ्या वेळी म्हणालो, "कुत्रीचं चित्र भिंतीला लावलं तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल." तिसऱ्या वेळी तिचा आवाज पार बसला होता. मला तसंही कमी ऐकू येतं, तेव्हा ऐकू न आल्यासारखं करून मी तिच्या उशाचा तांब्या भरायला उठलो. ऐकू आलं होतं. ओठांवरूनही कळेल इतकं सावकाश बोलली होती ती. पुढच्या आठवड्यात गेली.

हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं जे केलं ते मी मोठ्या मायेनं केलं असं कुणाला वाटू नये.

आमचं घर भिवंडीजवळच्या वळ गावात. आता चारी बाजूंनी गोडाऊनं आहेत. मी सातवीत शाळा सोडली आणि भिवंडीत कापड विणायच्या लूमवर लागलो. पस्तीस वर्षं काढली. तिथल्या खडखडाटात माझे कान गेले आणि आवाज चढला. घरात मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं भांडण चाललंय. मालकानं लूम भंगारात काढले तेव्हा गावातल्याच एका गोडाऊनवर वॉचमन झालो. ड्युटी रात्रीची, म्हणजे झोप दिवसाची. आमच्या घरावरून दिवसभर टेम्पो जातात आणि आमची कुत्री एकूण एक टेम्पोवर भुंकायची. माझं आणि तिचं वैर होतं ते एवढ्याचंच.

कुत्री बायकोची. एका उभ्या ट्रकखाली सापडलेली, मुठीएवढी, तांबड्या रंगाची. एकुलती लेक लग्न होऊन खारबावला गेली त्याच वर्षी बायकोनं ती पदरात घालून घरी आणली. तिचं नावही ठेवलं. ते नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, म्हणून इथंही लिहीत नाही. मी तिला "हाड" म्हणायचो. तिलाही ते आपलं माझ्याकडचं नाव वाटत असणार, कारण हाड म्हटलं की आधी मान वर करायची आणि मग जायची.

बायको गेल्यावर घरात मी आणि ती. दिवसकार्य उरकलं, लेक आपल्या घरी गेली, मी वॉचमनचं काम सोडलं. दोन वेळा भाकरी कुस्करायचो, वर सुकट टाकायचो, थाळी ओट्यावर ठेवून "ये" म्हणायचो. ती मोरीच्या भिंतीला अंग लावून उभी राहायची. मी आत जाऊन दार ओढलं की मग खायची. मी फटीतून बघायचो. एकदा मी हट्टानं ओट्यावरच बसून राहिलो, म्हटलं बघू किती दम आहे. सगळी दुपार गेली, सुकटीवर माश्या बसल्या. ती आली नाही. शेवटी मीच उठलो.

असं चार महिने चाललं. मग एका सकाळी पाण्याच्या टाकीमागं ती मरून पडलेली दिसली. वय झालं होतं. विकून उरलेल्या जमिनीचा आमचा एक पट्टा गोडाऊनच्या कंपाऊंडला लागून आहे. तिथं मी खड्डा खणला. माझी मोठी वहिनी, थोरल्या भावाची बायको, शेजारच्या घरात एकटी राहते. ती कमरेवर हात ठेवून बघत उभी होती.

"भावोजी, बायको गेली तवा डोल्यांत टिपूस न्हाय आला. आन आता कुत्रीसाठी घाम गालताव?"

"वास येल म्हणून पुरतोय," मी म्हणालो.

वासाचं कारण नव्हतं ते. पण तिला दुसरं काय सांगणार.

वर्षश्राद्ध दोन-अडीच महिन्यांवर आलं तेव्हा चित्राची गोष्ट माझ्या डोक्यात घर करून बसली. तीन वेळा मागितलेली एकच गोष्ट, ती तरी त्या दिवशी तिच्या फोटोशेजारी असावी. आता कुत्री नव्हती, म्हणजे फोटोंवरूनच करून घ्यायला लागणार. फोटो सगळे बायकोच्या मोबाईलात आणि मला तो उघडता येत नाही. लेक एका रविवारी आली तेव्हा तिला सांगितलं.

"तुम्ही? तिचं चित्र?" ती माझ्याकडं बघतच राहिली.

"तुझ्या आयनं सांगितलेलं."

"कधी?"

"सांगितलेलं."

तिनं मोबाईल चार्जिंगला लावला आणि आम्ही दोघं बसून एकेक फोटो बघत गेलो. बायकोनं काढलेले फोटो म्हणजे कुत्रीचेच. कुत्री ओट्यावर, कुत्री तुळशीपाशी, कुत्री तांदळाच्या रिकाम्या गोणीवर. माझा एक नाही. म्हणजे मी आहे, पण कडेला. लुंगीचं टोक, चपलेतला पाय, एका फोटोत नुसता हात. लेक हसली. "आईनं तुम्हाला सगळीकडून कापून काढलंय, बाबा." मीपण हसलो. तिनं बारा फोटो निवडले आणि खारबावला स्टेशनाजवळ छापून घेऊन पुढच्या रविवारी आणून दिले.

भिवंडीत लूमच्या एका गल्लीत एक पेंटर आहे. मी लूमवर होतो तेव्हापासूनचा. पूर्वी ट्रकच्या मागं मोर आणि कमळं काढायचा, दुकानांचे बोर्ड रंगवायचा. फ्लेक्स आले आणि ते काम गेलं. आता त्याच्याकडं वारलेल्या माणसांचंच काम येतं. रेशनकार्डावरचा, निवडणुकीच्या कार्डावरचा पुसट फोटो घेऊन लोक येतात आणि हा त्यावरून हातभर चित्र रंगवून देतो. वयानं माझ्याएवढाच असेल, पण मला चाचा म्हणतो. बोलणं निम्मं हिंदी, निम्मं मराठी, भिवंडीत बोलतात तसं.

त्याच्या दुकानाला लागून चहाची टपरी आहे. बाकावर चार-पाच माणसं बसली होती. मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो. कुत्रीचं चित्र पाहिजे, एवढं वाक्य त्या माणसांसमोर माझ्या तोंडातून निघेना.

"बोलो चाचा. किसका बनाना है?"

"घरातल्याचं."

"वारले?"

"हो."

"तेरावं कधी?"

"तेरावं न्हाय. वर्षश्राद्ध हाय."

"मग आरामात. बाई का पुरुष?"

मी पिशवीकडं बघितलं. "मादी," म्हणालो.

बाकावरच्या एकाला चहा पिता पिता ठसका लागला. पेंटर कागदावर लिहीत होता, त्यानं मान वर केली नाही. "खाली कैलासवासी लिहू का स्वर्गीय? नवरा हयात असेल तर सौभाग्यवती लिहितो. बायकांना ते आवडतं."

"मेलेल्या बायकांना?" ठसकेवाला म्हणाला.

"त्यांच्या बहिणींना. पैसे तर त्याच देतात. लाओ चाचा, फोटो काढा."

मी पिशवीतून पाकीट काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्यानं वरचा फोटो बघितला, मग मला बघितलं. तोवर बाकावरचे उठून वाकून बघायला लागले होते.

"आता विचारा, नवरा हयात हाय का हिचा," एकजण बोलला आणि सगळे हसले.

पेंटर हसला नाही. "तुमचा चहा झाला ना? मग चला, उजेड अडवू नका." त्यांना घालवून त्यानं माझ्यासाठी एक कटिंग सांगितला.

मग त्यानं बारा फोटो फळीवर पत्ते मांडावे तसे मांडले. थोडा वेळ बघून त्यातले काही वर सरकवले, काही खाली ओढले. दोन ओळी झाल्या. वरच्या ओळीत दोन्ही कान उभे. खालच्या ओळीत उजवा कान अर्धा.

"चाचा, ये बीच में क्या हुआ?"

"टेम्पोनं उडवली."

"टेम्पोनं नुसता कान नेला? बाकी कुठं खरचटलं पण नाही?"

"नशीब तिचं."

त्यानं खालच्या ओळीवरून बोट फिरवलं. "आणि हे बघा. वरच्या ओळीत ती फोटो काढणाऱ्याकडं बघते. खालच्या ओळीत एकदाही नाही. मान समोर, पण डोळे सगळे डाव्या बाजूला. कान मागं चिकटलेले. उस तरफ कौन खड़ा रहता था?"

मी त्या ओळीकडं बघितलं. घरी लेकीबरोबर बसून हे सगळे फोटो बघितले होते, तेव्हा दिसलं नव्हतं. डाव्या बाजूला आमचं उघडं दार आणि आत माझा पलंग.

"शेजारचा एक होता," मी म्हणालो.

"मारायचा?"

"असंल."

शेजारी कुणी नव्हतं आणि टेम्पोही नव्हता. पाच वर्षांपूर्वी उन्हाळ्यात, भर दुपारी, मी ड्युटीवरून येऊन पडलो होतो. नुकताच डोळा लागला होता आणि ती भुंकली. माझ्या उशाशी एक धोटा असायचा. लूममध्ये उभ्या सुतातून आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंड ठोकलेलं. लूम बंद झाले त्या दिवशी आठवण म्हणून मी एक घरी आणला होता. चालत्या लूममधून धोटा उडाला तर माणसाचा डोळा फोडतो, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. तरी पडल्या पडल्या मी तो फेकला. घाबरवायला फेकला, असं पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगितलं. घाबरवायला फेकणारा नेम धरत नाही. मी धरला होता.

तिचा उजवा कान मधोमध फाटला. अर्धा तुकडा लोंबत राहिला. बायको ओरडली नाही. तिनं कुत्रीला टॉवेलात गुंडाळलं, रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं लोंबता तुकडा कापून टाकला. संध्याकाळी ती परत आली तेव्हा ओट्यावर बाया जमल्या होत्या. "टेम्पोनं उडवली," बायको म्हणाली. कुणी विचारायच्या आधीच म्हणाली. लेकीला फोनवर तेच सांगितलं. मी आतून ऐकत होतो. वाटलं, आता आत येऊन मला बोलेल. बोलली नाही. धोटा तिनं चुलीत घातला आणि त्यावर आंघोळीचं पाणी तापवलं. त्या पाण्यानं मी आंघोळ केली आणि ड्युटीवर गेलो.

पुढं जखम भरली तरी रोज सकाळी ती त्या अर्ध्या कानाला खोबरेल लावायची. मी पलंगावरून बघायचो.

यातलं पेंटरला काही सांगितलं नाही. तो आपली पद्धत मला समजावत होता. मयताची नजर तो नेहमी समोर ठेवतो, फोटोत ती कुठंही असो. घरातल्यांना वाटलं पाहिजे की आपलं माणूस आपल्याकडं बघतंय. आणि व्यंग ठेवत नाही. तिरळा डोळा सरळ करतो, पडलेले दात भरतो, देवीचे व्रण पुसतो. "गेला तो गेला. आता कशाला त्याची खोट भिंतीवर टांगायची? हिचे पण दोन्ही कान उभे करतो, नजर समोर. चालेल?"

"चालंल," मी म्हणालो. विचार करायला मला एक घोट चहाइतकाही वेळ लागला नाही.

तीन आठवड्यांनी चित्र घेऊन आलो. शेअर रिक्षात मांडीवर उभं धरलं होतं, वर वर्तमानपत्र गुंडाळून. घरी आणून दार लावलं, मग कागद काढला. काम पहिल्या प्रतीचं होतं. तांबडा रंग, नाकावरचा पांढरा पट्टा, दोन्ही कान ताठ. डोळे तर असे केले होते की कुठंही बसा, तुमच्याकडंच बघते. मी पलंगावर बसलो, माझ्याकडं बघत होती. मोरीपाशी गेलो, तरी बघत होती.

दोन दिवस मी त्या चित्रासमोर बसलो. हे लिहायला जड जातं. जिवंतपणी तिनं माझ्याकडं कधी असं बघितलं नव्हतं आणि मला ते बरं वाटत होतं. भाकरी खाताना मी तिच्याकडं बघायचो. दुसऱ्या दिवशी, घरात कुणी नाही हे बघून, मी तिला बायकोनं ठेवलेल्या नावानं हाक मारली. माझ्या तोंडून ते नाव पहिल्यांदा निघालं, तेही रंगवलेल्या कुत्रीसमोर.

तिसऱ्या दिवशी वहिनी श्राद्धाच्या सामानाचं विचारायला आली. चित्र खुर्चीवर ठेवलं होतं. ती चष्मा वर करून बघत राहिली.

"हा कोनाचा कुत्रा?"

"आपली हाय ती. पेंटरकडनं करून घेतली."

"आपली अर्ध्या कानाची व्हती."

"तो असाच काढतो. व्यंग ठेवत न्हाय."

वहिनी खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. "मी त्या दुपारी पापड वालत घालत व्हते, भावोजी. तुमचा दरवाजा उघडा व्हता. मी समदं बघलं. तुमच्या बायकोनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली, कोनला सांगू नको म्हनून. न्हाय सांगितलं. अजून बी न्हाय सांगनार."

मी खुर्चीवरचं चित्र उगाच थोडं सरळ केलं.

"पन हे चित्र तिच्या बाजूला लावू नका. तिला वलखू येनार न्हाय. रोज सकाली त्या कानाला तेल लावायची बाय, तो कान कुठं हाय यात? कापला तो एकदा. आता पुसलाव पन." उठता उठता तिनं विचारलं, "वडे किती जनांचे करायचे?"

"वीस," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर परत भिवंडीला गेलो. श्राद्धाला आता नऊ दिवस राहिले होते.

"क्या हुआ? पसंद नहीं आया?" पेंटरनं विचारलं.

"कान अर्धा करा," मी म्हणालो. "आणि डोळे होते तसे करा. डावीकडं."

"का?"

बाकावर त्या दिवशीही माणसं होती. मला हळू बोलता येत नाही, लूमनं ती सोय ठेवली नाही. जे बोललो ते टपरीपर्यंत गेलं असणार. "टेम्पोनं न्हाय उडवली. मीच मारलं. ती माझ्याकडं बघून घाबरायची. शेजारी कुणी नव्हता."

पेंटर ब्रश पुसत होता. पुसायचा थांबला. "हाथ से मारा या फेंक के?"

"फेकून."

"क्या फेंका?"

"धोटा."

भिवंडीत धोट्याचं वजन कुणाला सांगावं लागत नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग चित्राकडं. नंतर तो फक्त कामाचंच बोलला. कान कुठून गेला, वरून का बाजूनं. कडा सरळ होती का खालीवर. केस परत आले होते का. मी त्याला माझ्या स्वतःच्या कानावर बोट फिरवून दाखवलं. बायकोनं काढलेल्या फोटोंतून मला जे आठवत होतं ते सांगितलं, बाकीचं फोटोत बघा म्हणालो. पाच वर्षं तो कान माझ्या घरात फिरत होता आणि मला तो फोटोत बघून सांगावा लागत होता.

"कान आजच होईल," तो म्हणाला. "नजर अवघड आहे. आप कहाँ रहते थे?"

"डाव्या बाजूला. पलंगावर."

त्यानं स्टूल उचललं आणि चित्राच्या डाव्या हाताला, भिंतीला लागून ठेवलं. "बसा तिथं. हलू नका."

मी बसलो. आधीच्या वेळी मी गिऱ्हाईक होतो, त्यानं चहा सांगितला होता. आज सांगितला नाही. तो माझ्याकडं बघायचा, मग कुत्रीच्या डोळ्यात बारीक ब्रश टेकवायचा, मग परत माझ्याकडं. समोरून मला चित्र दिसत नव्हतं, फक्त त्याची कड दिसत होती. पलीकडच्या लूमचा आवाज येत होता. टपरीवरची माणसं आली, गेली, कुणी हसलं नाही. पाय मुंग्यांनी भरले तरी मी हललो नाही. उन्हं कलली तेव्हा त्यानं ब्रश ठेवला आणि म्हणाला, "देख लो."

मी उठून समोर गेलो. तीच होती. अर्धा कान मागं चिकटलेला, दुसरा निम्मा मुडपलेला, आणि डोळे त्या स्टुलाकडं. स्टूल आता रिकामं होतं, तरी ती तिकडंच बघत होती.

"खाली काही लिहू?"

"नको."

"रंग ओला आहे. आठ दिवसांनी न्या."

श्राद्धाच्या आदल्या दिवशी मी चित्र आणलं आणि बायकोच्या फोटोच्या उजव्या अंगाला खिळा ठोकून लावलं. वहिनी आली, बघितलं. "हां," एवढंच बोलली आणि वड्यांचं पीठ मागून घेऊन गेली.

सकाळी लेक आली. जावई संध्याकाळी येणार होता. तिनं आईच्या फोटोला हार घातला, हात जोडले, मग चित्रापुढं उभी राहिली. बराच वेळ उभी होती. बोटानं हळूच त्या अर्ध्या कानाला हात लावला.

"किती सेम काढलंय, बाबा. मला वाटलं होतं कान नीट करून देतील." मग म्हणाली, "त्या टेम्पोवाल्याचं कधी भलं व्हायचं नाही. मेला थांबला पण नसेल."

भटजी अजून यायचे होते. चुलीवर भात शिजत होता, वहिनी बाहेर वडे थापत होती. मला वाटलं नंतर सांगू, जेवणं होऊ देत. नंतर सांगू म्हटलं असतं तर सांगितलंच नसतं, एवढं मी मला ओळखतो.

"टेम्पो नव्हता," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मी मारलं तिला. धोटा फेकून. ती भुंकली म्हणून. नेम धरून मारलं."

तिचा हात चित्रावरून खाली आला. "आई म्हणाली टेम्पो."

"तुझ्या आयनं माझ्यासाठी सांगितलं."

"आणि तुम्ही तिला सांगू दिलंत."

"हो."

"इतकी वर्षं ती सगळ्यांना सांगत राहिली, मला फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही तिथंच होता?"

"आत होतो. ऐकत होतो."

तिनं आणखी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि भाताखालचा जाळ कमी केला. भटजी आले, पिंड झाले, कावळ्याला घास ठेवला. पंगत बसली. तिनं सगळ्यांना आग्रह करून वाढलं. माझं ताट माझ्यापुढं ठेवलं आणि पुढं गेली. मी वडा मागितला नाही.

जेवायला आलेल्या माणसांत दोघा-तिघांनी चित्राकडं बघून तोंडावर हात धरला. एकजण म्हणाला, "आता कुत्र्याचं बी श्राद्ध घालताव काय?" वहिनी वाढता वाढता म्हणाली, "घालू. तुजं बी घालू, तू जेव." तो गप जेवला. गाव तोंडात शेण घालेल म्हणून मी घाबरलो होतो, ते एवढ्यावर मिटलं.

माणसं गेली. लेकीनं भांडी घासली, ओटा धुतला. मग पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीत आली. चित्राकडं बघितलं. कुत्रीची नजर जिथं जाते तिथं बघितलं. तिथं पलंग होता आणि पलंगावर मी बसलो होतो.

"बाबा, उठा."

मी उठलो.

"पलंग उचला. तिकडून धरा."

"कुठं न्यायचा?"

"त्या भिंतीला. तिच्या समोरून बाजूला घ्या."

आम्ही दोघांनी पलंग उचलला. जुना सागवानी पलंग, जड आहे. मधे मला दम लागला तेव्हा तिनं आपली बाजू खाली टेकवली आणि मी परत उचलेपर्यंत थांबली, पण माझ्याकडं बघितलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, कपाटाच्या आडोशाला पलंग ठेवला. तिनं गादी झटकली, चादर ओढून नीट केली.

संध्याकाळी जावयाबरोबर ती गेली. दरवेळी निघताना पाया पडते, त्या दिवशी पडली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "गोळ्या वेळेवर घ्या." त्यानंतर अजून आलेली नाही. फोन येतो, आठवड्याला एक. गोळ्यांचं विचारते.

पलंग तिनं ठेवला तिथंच आहे. तिथून कुत्री दिसत नाही. कपाट आड येतं, त्यामुळं बायकोचा फोटोही दिसत नाही. लेकीच्या ते लक्षात आलं नसेल, किंवा आलं असेल. बायकोला बघायचं असलं तर उठून चार पावलं पुढं यावं लागतं, आणि चार पावलांवर आलं की मी बरोबर त्या जागी उभा असतो जिकडं कुत्री बघते. रोज सकाळी आंघोळ झाली की मी तिथं येतो. फार वेळ उभं राहवत नाही.